आवडीचं बाळसं

आमच्या घरातल्या भानगडीची सुरुवात दिवाळीच्या आठवड्यात झाली. नातीच्या लंगोटाच्या जागी लाल पुरळ उठलं. नात तेव्हा अडीच महिन्यांची होती. तिच्या नावावर आईवडिलांचं एकमत होत नव्हतं, म्हणून तोवर सगळे तिला आवडी म्हणत. माझी मुलगी निशिगंधा बाळंतपणाला आमच्याकडे पोलादपूरला आली होती, जावई शुभम मुंबईत नोकरीवर होता आणि मी नुकताच निवृत्त झालो होतो. घरात काम नसलेला माणूस मी एकटाच, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

पंचायत समितीत एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला रिकामं बसता येत नाही. सकाळचे दहा वाजले की हात आपोआप फाइल शोधतात. निवृत्तीच्या पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक दिले. माझ्या बायकोने, नीलाने, तिसऱ्या दिवशी ते पुसून टाकले आणि डाळीच्या डब्यात हात घालायचा नाही अशी ताकीद दिली. त्यामुळे पुरळ उठलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला थोडं बरं वाटलं. एक प्रकरण हाताशी आलं होतं.

नीलाचं म्हणणं होतं की जागा कोरडी ठेवा आणि तो डायपर सारखा घालू नका. उपाय इतका साधा होता की माझा त्यावर विश्वासच बसेना. मी शेजारी हैबतींकडे सल्ल्याला गेलो. हैबती एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मांडीला गजकर्ण होतं, त्यामुळे कातडीच्या बाबतीत आमच्या आळीत त्यांचा शब्द अखेरचा.

"भाऊसाहेब, येक टूब हाय," ते म्हणाले. "माजं गजकर्ण तीन वर्सांचं. टूब लावली का दोन दिसांत साफ."

"मग अजून आहे कसं?"

"सोडली का परत येतंय. पन लावली का परत जातंय. गुण हाय तिला."

या बोलण्यात काहीतरी चुकतंय हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं असतं. मी सरळ मेडिकलमध्ये गेलो आणि ट्यूबचं नाव सांगितलं. डॉक्टरांची चिठ्ठी दुकानदाराने मागितली नाही, मी दिली नाही. "तान्ह्या बाळाला चालेल ना?" असं मात्र मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "सगळ्यांना चालते आजोबा, पातळ लावा." ट्यूबवर, चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांवर असते तशी एक उभी लाल रेघ होती, ती मला शोभेची वाटली. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. नियम वाचणं हाच ज्याचा एकतीस वर्षांचा धंदा, त्याने ते वाचलं नाही. चष्मा घरी राहिला होता, एवढंच माझं म्हणणं आहे.

दोन दिवसांत पुरळ गायब. तिसऱ्या दिवशी ट्यूब बंद केली, पाचव्या दिवशी पुरळ हजर. पुन्हा लावली, पुन्हा गायब. तेव्हा मी कायमस्वरूपी बंदोबस्त करायचं ठरवलं. दिवसातून तीन वेळा, पुरळ असो वा नसो, आणि वरून घट्ट डायपर, म्हणजे औषध पुसलं जायला नको. निशिगंधा कुरकुरली, "बाबा, डॉक्टरांना दाखवूया का एकदा?" मी तिला पुरळ नसलेली जागा दाखवली. त्याच संध्याकाळी मी शंभर पानी वही आखली: दिनांक, वेळ, मात्रा, शेरा आणि सही. नीला म्हणाली, "सही कोणाला दाखवायची आहे?" मी म्हणालो, रेकॉर्ड असावं. तीही मग हसून कामाला लागली.

महिन्याभरात आवडी बाळसं धरू लागली. गाल असे भरले की डोळे आत गेले. मान दिसेनाशी झाली. मनगटाला दोरा बांधल्यासारख्या घड्या पडल्या. गल्लीतली माणसं तिला बघायला येऊ लागली आणि घरात श्रेयाचा तंटा लागला. तेल लावायला उमरठहून प्रयागबाई यायच्या, त्या म्हणायच्या, "माज्या हाताचा गुण हाय गो. निसता लोन्याचा गोला झालाय." नीला म्हणायची, बाळंतिणीला अळीव आणि डिंकाचे लाडू कोणी घातले? निशिगंधा म्हणायची, दूध माझं आहे. मी काही बोलायचो नाही. आमच्या घराण्याची अंगकाठीच भरदार, असं फक्त येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो.

ट्यूबचा गुण मात्र मी आळीभर वाटून टाकला. कुणाच्या बगलेत खाज, कुणाच्या कमरेला चट्टा, कुणाच्या चेहऱ्यावर डाग. सकाळी ओट्यावर बसलो की लोक कपडे बाजूला सारून दाखवायचे आणि मी ट्यूबचं नाव कागदावर लिहून द्यायचो. नोकरीत असताना माझ्या अक्षराला एवढा मान नव्हता. प्रयागबाईंच्या दोन महिन्यांच्या नातवाच्या मानेला पुरळ आलं, तेव्हा तर एक न फोडलेली ट्यूब मी स्वतः त्यांच्या पिशवीत घातली.

अशात महाडच्या एका महिला मंडळाची जाहिरात आली. सव्वीस जानेवारीला चवदार तळ्याच्या अलीकडच्या हॉलमध्ये सुदृढ बालक स्पर्धा. हैबती ती जाहिरात घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ही शील्ड आपल्याच आळीत यायची." मला ते आधीच पटलेलं होतं.

अर्जाला बाळाच्या नावासह जन्मदाखला हवा होता. आमच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी. मी दाखल्याच्या खिडकीवर गेलो. आतली मुलगी म्हणाली, "नाव घालायचं तर आईवडिलांचा अर्ज लागेल. तुमचा चालणार नाही." मी माझी ओळख सांगितली. ती म्हणाली, "अर्ज अपूर्ण आहे." हे वाक्य मी किती हजार लोकांना ऐकवलं असेल कोण जाणे. ते समोरून ऐकायला इतकं वाईट लागतं याची मला कल्पना नव्हती.

मुदत उद्याची. घरी आलो तर निशिगंधा व्हिडिओ कॉलवर शुभमशी नावावरूनच भांडत होती. शुभमला तीन अक्षरी हवं होतं, तिला दोन, आणि दोघांनाही ते वर्गात दुसऱ्या कुणाचं नसलेलं हवं होतं. मी अर्ज पुढे केला, तिने भांडता भांडता सही ठोकली. संध्याकाळी शुभमला मोबाईलवर पाठवून त्याचीही सही मागवली. त्याने वर वाचलं असतं तर नावाच्या रकान्यात 'आवडी' दिसलं असतं. कोऱ्या रकान्याचा अर्ज स्वीकारत नाहीत, आणि त्या क्षणी मला दुसरं नाव सुचलं नाही. माझ्या नातीचं नाव कायमचं आवडी झालं ते असं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही जीप करून गेलो. हॉलमध्ये तीसेक बाळं एकाच वेळी रडत होती. वजनकाट्यावर आवडीला ठेवलं आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी आकडा दोनदा वाचला. बाकीच्या आया आमच्याकडे बघू लागल्या. उत्साहाच्या भरात बाईंनी सोनेरी कागदाचा मुकुट आवडीच्या डोक्यावर बसवला आणि माइकवरून म्हणाल्या, "परीक्षण बाकी आहे, पण ही बघा कुमारी आवडी." निशिगंधाने माझ्याकडे वळून विचारलं, "कुमारी आवडी? हे कुणी ठरवलं?" मी फोटोग्राफरकडे बघत राहिलो.

परीक्षक होत्या महाडच्या बालरोगतज्ज्ञ, डॉक्टर अक्षदा. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आवडीच्या गालाला बोट लावलं. कपाळावरची मऊ लव निरखली. लसीचं कार्ड मागून घेतलं आणि बराच वेळ बघितलं.

"वजन पळतंय," त्या म्हणाल्या. "लांबी दोन महिने जागची हललेली नाही."

"घराण्याची अंगकाठीच भरदार," मी म्हणालो.

त्यांनी डायपर सोडला. मांड्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकचकीत दिसत होती, आत लालसर रेघा होत्या. रोज तीन वेळा मी ती जागा बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

"इथे काही लावता?"

"लावतो ना," मी म्हणालो, आणि देव मला क्षमा करो, मोठ्या अभिमानाने पिशवीतून वही काढून दिली. "दिवसातून तीनदा. एकही खाडा नाही."

डॉक्टरांनी पानं उलटली. बारा आठवडे, प्रत्येक नोंदीपुढे माझी सही. मग मी खिशातली ट्यूब पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि शांतपणे अध्यक्षीणबाईंना सांगितलं, "या बाळाला स्पर्धेतून काढा. बाकीची बाळं मी तासाभराने बघते." आणि आम्हाला म्हणाल्या, "चला. दवाखाना समोरच आहे."

रस्ता ओलांडताना पुढे डॉक्टर, मागे आवडीला घेऊन निशिगंधा, तिच्यामागे मी आणि नीला, अशी आमची वरात निघाली. आवडीच्या डोक्यावर मुकुट तसाच होता. येणारे जाणारे हात जोडत होते, त्यांना वाटलं कसली तरी मिरवणूक आहे.

दवाखान्यात त्यांनी बाहुलीच्या मापाचा पट्टा बांधून रक्तदाब मोजला. तो वाढलेला होता. मग त्या बोलल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"हे बाळसं नाही, आजोबा. ही सूज आणि चरबी आहे. या ट्यूबमध्ये फार जोरकस स्टिरॉइड आहे. मोठ्यांनासुद्धा ते जपून आणि थोडेच दिवस देतात. बाळाची कातडी पातळ, त्यावर घट्ट डायपर, म्हणजे औषध सरळ आत झिरपतं. आपल्या शरीरात एक ग्रंथी हेच रसायन रोज मापात तयार करते. बाहेरून एवढा पुरवठा झाल्यावर ती काम थांबवते."

हे मला लगेच कळलं. कंत्राटी माणूस आला की कायमचा माणूस टेबलावर डोकं ठेवून झोपतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

"मग आजपासून बंद," मी म्हणालो.

"नुसतं बंद करून घरी बसायचं नाही. ग्रंथी झोपलेली असताना साधा ताप आला तरी बाळाला तो सोसणार नाही. ट्यूब थांबवू, पण मी मोजून औषध देईन आणि ते हळूहळू उतरवत नेऊ. उद्या सकाळी रक्त तपासायचं. आणि ताप, उलटी, सुस्ती, यांतलं काहीही दिसलं की वाट न बघता इथे यायचं." मग त्यांनी वही माझ्या हातात दिली. "आणखी किती जणांना दिलीत ही ट्यूब?"

मी म्हणालो, असतील दोघं तिघं. आयुष्यात एवढी खोटी माहिती मी कुठल्याही साहेबाला दिली नव्हती.

घरी परतताना निशिगंधाने आवडीचा मुकुट काढून माझ्या मांडीवर ठेवला. महिनाभर ज्या बाळशाच्या श्रेयावर तिघी हक्क सांगत होत्या, ते आता कुणालाच नको होतं. प्रयागबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "म्या निसतं त्याल लावलं गो, बाकी मला ठावं नाय." लाडवांचा विषय नीलाने काढला नाही. आणि तिने मला एक शब्दही ऐकवला नाही, नुसता नवा चष्मा करून घ्यायला सांगितला.

रक्ताचा अहवाल आला. डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं, ग्रंथी झोपलीच होती. औषध सुरू झालं. दहाव्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना आवडी शिंकली. एवढं मूल शिंकतंच. पण तासाभरात अंग तापलं, प्यायलेलं दूध सगळं बाहेर आलं आणि ती मान टाकून पडून राहिली. एरवी भूक लागली की अख्खी आळी गोळा करणारी पोर, ती डोळेसुद्धा उघडेना. हैबतींनी रस्त्यावर उभं राहून, जन्मभराच्या सवयीने हात करून, पहिली दिसलेली गाडी थांबवली. महाडपर्यंतचा रस्ता नोकरीपायी मी रोज गेलो आलो आहे. त्या दिवशी तो संपेना. निशिगंधा बाळाच्या कानाशी सारखं "आवडी, ए आवडी" म्हणत होती. दाखल्यावर गेल्यापासून ते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच तक्रार न करता येत होतं. मी पुढच्या सीटवर बसून देवाला काहीतरी कबूल करायला बघत होतो, पण कबूल करण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

फोन आधीच केला होता, डॉक्टर दारातच उभ्या होत्या. सुई टोचली, सलाईन लागलं. चार वाजता आवडीने डोळे उघडले, पाच वाजता ती अशी ओरडली की शेजारच्या खोलीतलं बाळ जागं झालं. नीला तिथेच बाकावर बसून रडली. दोन दिवसांनी आम्हाला सोडलं. निघताना मी डॉक्टरांना म्हणालो, "दोघं तिघं नव्हेत. अकरा जण आहेत. त्यातलं एक बाळ आहे."

"सगळ्यांना घेऊन या," त्या म्हणाल्या. "औषधाचं तुम्ही कुणाला काही सांगू नका. बंद करा म्हणूनही सांगू नका. नुसतं घेऊन या."

हे काम अर्ज लिहिण्याइतकं सोपं नव्हतं. मी दारोदार फिरलो. जिथे मी ऐटीत कागदावर नाव लिहून दिलं होतं, तिथेच उभा राहून म्हणायचं की मला काही कळत नव्हतं. लोकांना ते पटेना. एकजण म्हणाला, "भाऊसाहेब, नम्रता पुरे, माझं तर बरं आहे." दुसरी म्हणाली की ट्यूबने चेहरा गोरा झालाय, आता कशाला मोडता घालता. तिचा चेहरा गोरा नव्हे, लाल झाला होता आणि उन्हात जळत होता. प्रयागबाईंसाठी मी स्कूटरवरून उमरठला गेलो. नातवाला मांडीवर घेऊन त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. ट्यूब शेजारीच होती, निम्मी संपलेली.

"बाई, ही मीच दिली होती. चुकीची दिली," मी म्हणालो.

त्यांनी ट्यूब पदराखाली सरकवली. मग म्हणाल्या, "तुमच्या पोरीला सलाईन लागलं, मला ठावं हाय. म्या चार दिस झालं लावली नाय. पन इचारायची लाज वाटत व्हती. तुम्ही भाऊसाहेब." आम्ही दोघं एकमेकांना घाबरून गप्प बसलो होतो, आणि मधे ते तान्हं पोर.

सोमवारी सकाळी दहा आसनांच्या जीपमध्ये आम्ही चौदा जण बसलो. त्यातले अकरा खाजवत होते. हैबती मांडी खाजवत दारात लटकून उभे राहिले आणि बाहेर ओरडू लागले, "महाड, महाड, खाजवाले महाड." वाटेत दोन अनोळखी माणसं हात करून चढली, त्यांना वाटलं ही नेहमीची सीट भरणारी जीप आहे. एकाने विचारलं, सगळे का खाजवताय? हैबतींनी त्याला सगळी हकीकत माझ्या नावासकट सांगितली. त्याने मुकाट्याने बाही वर केली. त्याच्याही कोपराला चट्टा होता आणि खिशात तीच ट्यूब. मी दिलेली नव्हती, एवढाच मला दिलासा.

दवाखान्यात बाळ आधी आत गेलं. त्याचं थोडक्यात निभावलं होतं. पुढे आठवडाभराने पुन्हा दाखवायचं होतं, तेवढंच. बाकीच्यांना डॉक्टरांनी त्वचेच्या डॉक्टरांकडे धाडलं. हैबतींना तिथे कळलं की ट्यूबने गजकर्ण बरं होत नव्हतं, नुसतं झाकलं जाऊन आतल्या आत पसरत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना खरं औषध मिळालं. ते सहा आठवडे न चुकता घ्यायचं होतं. त्यांनी माझ्याकडे वही आखून मागितली. मी दिली, पण शेऱ्याच्या रकान्यात काही लिहू नका म्हणून बजावलं.

मार्च संपेपर्यंत आवडीचं औषध उतरत उतरत थांबलं. गाल ओसरले. आत गेलेले डोळे बाहेर आले आणि ते आईसारखे तपकिरी आहेत हे आम्हाला नव्याने कळलं. मान दिसली. लांबी वाढू लागली. शेवटचं रक्त तपासून डॉक्टर म्हणाल्या, "ग्रंथी जागी झाली." निशिगंधाने तिथेच शुभमला फोन लावला, आणि तिकडून तो म्हणाला, "आवडीला दे फोन." नावावरचं भांडण कागदोपत्री आधीच संपलं होतं, त्या दिवशी ते बहुतेक तोंडीही निकाली निघालं.

वरंधला नात्यातलं लग्न होतं. तिथे एक मावशी आवडीला उचलून म्हणाल्या, "अगो बाय, पोर किती वाळली ही. घरात काय खायला घालता का नाय?" सहा जणींनी मान हलवली. मी ताटावरून उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "हो ना, वाळली." माझ्या चेहऱ्यावरचा आनंद बघून त्या मावशी जरा मागे सरकल्या.

मे महिन्यात आवडीच्या पाठीवर घामोळं उठलं. बारीक, लालसर, अगदी साधं. घरातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी हात वर केले, चपला घातल्या आणि सगळ्यांना जीपमध्ये बसवून महाड गाठलं. डॉक्टरांनी पाठ बघितली आणि हसल्या. "गार पाण्याने पुसा, सुती झबलं घाला, पंखा लावा."

"आणि लावायला?"

"काही नाही."

"तसं लेखी द्या," मी म्हणालो. तोंडी आदेशावर माझा आता विश्वास उरला नव्हता.

त्यांनी चिठ्ठीवर बाळाचं नाव, वय, तारीख घातली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: काहीही लावू नये. खाली सही, शिक्का. मी ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली. संध्याकाळी हैबती आले, चिठ्ठीसमोर उभं राहून त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "घामोळ्याला मलाबी चालंल का वो हे?"

मी त्यांना झेरॉक्स काढून दिली.